भेदरलेल्या, चावऱ्या कुत्र्यांचे तात्पुरते घर

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत अकरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश दिले. दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असे ११ तारखेच्या आदेशात होते. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंताचे औषध झाले की कुत्रे उचलले त्याच भागात सोडायचे. रेबीज झालेले, तशी शंका असलेले किंवा आक्रमक वागणारे कुत्रे मात्र सोडायचे नाही. त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती. प्राणिप्रेमींनी महापालिकेकडे अर्ज केला तर रस्त्यावरचे कुत्रे त्यांना दत्तक देता येईल, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणे त्यांची जबाबदारी राहील.

कुत्री हटवा म्हणणारे आणि कुत्री वाचवा म्हणणारे तावातावाने भांडले ते पहिल्या दोन गोष्टींवर. दत्तक देण्याच्या तरतुदीवर जितके बोलले जायला हवे होते तितके बोलले गेले नाही. अर्जावर सही झाली म्हणून रस्त्यावरचे किंवा निवाऱ्यातले कुत्रे घरातले होत नाही. मध्ये एक टप्पा लागतो, आणि पुण्या-मुंबईकडच्या प्राणिप्रेमींच्या बोलण्यात त्याचे नाव आता चांगलेच रुळले आहे: फॉस्टर. काही आठवडे किंवा काही महिने कुत्र्याला आपल्या घरी ठेवायचे, त्याचे खाणेपिणे आणि औषधपाणी बघायचे, आणि योग्य कुटुंब मिळाले की त्यांच्या हाती सोपवायचे. गोंडस पिल्लांना अशी घरे पटकन मिळतात. पायाला प्लास्टर घातलेल्या कुत्र्यालाही मिळतात. जे कुत्रे पलंगाखालून बाहेर येत नाही, ताटलीजवळ गेले की गुरगुरते, एकटे ठेवले की दार कुरतडते, त्याला मिळत नाही. या प्रश्नावरचे संशोधन आणि इथला अनुभव एकत्र पाहिला तर माझे मत असे झाले आहे की घराची गरज सर्वांत जास्त याच कुत्र्याला असते. त्याच्या आजाराचे निदान तिथेच होते, आणि बहुतेक उपचारही तिथेच होतात.

निवाऱ्यात दिसणारे वागणे बऱ्याच अंशी त्या जागेचे असते, हे आता मोजून दाखवता येते. अमेरिकेत मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका सरकारी निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारे संप्रेरक, तपासले. पहिल्या तीन दिवसांत ते घरातल्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट होते. २०१९ मध्ये लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी पाच निवाऱ्यांतली २०७ कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली. त्यांच्या लघवीतले कॉर्टिसॉल उतरले आणि ती सलग जास्त वेळ विसावली. पिंजऱ्यात परतल्यावर पातळी पुन्हा आधीइतकी झाली, पण आधीपेक्षा वर गेली नाही. घराची चव दाखवून परत पिंजऱ्यात टाकणे हा छळ आहे, असे म्हणून अनेक जण थोड्या दिवसांच्या फॉस्टरला नकार देतात. त्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

निवाऱ्यात घेतल्या जाणाऱ्या स्वभावचाचण्यांचेही तसेच. बोस्टनमधल्या एका निवाऱ्यात एमी मार्डर आणि सहकाऱ्यांनी ९७ कुत्र्यांची अन्नावरून चावरेपणाची चाचणी घेतली आणि ती दत्तक गेल्यावर मालकांना विचारले. चाचणीत २० कुत्री आक्रमक ठरली होती. त्यांपैकी घरी तसे वागली ११. उरलेल्या ७७ शांत कुत्र्यांपैकी १७ घरी गेल्यावर ताटलीवरून गुरगुरली. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी २०१६ मध्ये अशा चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांचा निष्कर्ष होता की यापेक्षा नाणे उडवून ठरवलेले काही वाईट नाही. या चाचण्यांवर तिकडे कुत्र्याला जगवायचे की मारायचे हे ठरत असे. आपल्याकडे कागदावर चाचणी नसली तरी पिंजऱ्यासमोर उभे राहून 'हे चावरे आहे' असा शिक्का मारणारी माणसे आहेत, आणि तो शिक्का कुत्र्याला जन्मभर पुरतो.

शिक्के खोटे पाडणारे सर्वांत गाजलेले प्रकरण मायकेल विक या अमेरिकन फुटबॉलपटूचे. २००७ मध्ये व्हर्जिनियातल्या त्याच्या मालमत्तेवर छापा पडला आणि कुत्र्यांच्या झुंजी लावण्यासाठी ठेवलेली सुमारे ५० पिट बुल जातीची कुत्री ताब्यात आली. तोवर अशी कुत्री सरसकट ठार केली जात, आणि मोठ्या प्राणिसंघटनांचाही तोच सल्ला होता. या वेळी न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी करवली आणि त्यांच्या देखभालीसाठी विककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर वसूल केले. आक्रमकतेमुळे मारावे लागले ते एकच. बरीच कुत्री फॉस्टर घरांत गेली, २२ कुत्री युटामधल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या आश्रयस्थानात गेली, काही जन्मभर तिथेच राहिली. पुढे त्यांतली काही कुत्री रुग्णांना भेटायला इस्पितळात जाऊ लागली. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की झुंजीच्या अड्ड्यावरून आलेल्या या कुत्र्यांत रागीट कुत्र्यांपेक्षा भीतीने जमिनीला चिकटून बसणारी जास्त निघाली.

वर्तनाच्या समस्यांची यादी लांब असली तरी मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून दिसले की पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्याची जगाशी ओळख पक्की होते. त्याच ठिकाणी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाजवळ सहजपणे कधीच आली नाहीत. पिल्ले विकण्यासाठी मादीला पिंजऱ्यात ठेवून पुन्हापुन्हा व्यायला लावणाऱ्या धंद्यातून सुटलेली कुत्री या गटातली. त्यांना खेळणे कशाशी खातात हे माहीत नसते, गवतावर पाय ठेवायला ती घाबरतात.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे परदेशी पुस्तके अपुरी पडतात. ते माणसांतच वाढलेले असते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने मोकाट कुत्र्यांवर केलेले काम यासाठी वाचायलाच हवे. त्यांनी पश्चिम बंगालमध्ये ९५ वेतांतली ३६४ पिल्ले पाहिली. प्रजननक्षम वयापर्यंत जगली ती १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूला माणूस कारण होता: गाडी, मार, विष, पळवून नेणे. म्हणजे जे कुत्रे आपल्यापर्यंत पोचते, ते माणसाला घाबरण्याची पुरेशी कारणे पाहून आलेले असते. याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात मात्र असेही दिसले की अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाली तर ही कुत्री खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरणाऱ्या हाताने अधिक जवळ येतात. माणसाची भीती आणि माणसाची ओढ, दोन्ही एकाच कुत्र्यात असतात. फॉस्टर करणाऱ्याचे काम या दोन्हींच्या मधल्या जागेत चालते.

रस्त्यावरच्या कुत्र्याला घरात भीती वाटते ती बहुधा भिंतींची. आमच्याकडे एका बांधकामाच्या जागेवरून आलेली तांबूस मादी काही महिने होती. माणसे तिला ओळखीची होती, साइटवरच्या मजुरांच्या भाकरीवरच ती वाढली होती. पण बंद दार, डोक्यावर फिरणारा पंखा, कुकरची शिट्टी, मिक्सर, आणि सर्वांत जास्त म्हणजे गुळगुळीत टाइल्स यांनी तिचा जीव अर्धा झाला. वॉशिंग मशीनच्या मागच्या खबदाडातून ती हलेना. पाय घसरतो म्हणून ती चालत नाही, हे ध्यानात आल्यावर बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत जुनी गोणपाटे आणि चटया अंथरल्या. तिच्याकडे पाठ करून, न बोलता जमिनीवर बसायचे, जवळ दहीभाताची ताटली ठेवायची आणि उठून जायचे, एवढेच काम. पहिल्यांदा ती बाहेर आली ती रात्री, सगळे दिवे मालवल्यावर, आणि गोणपाटाच्या कडेने भिंतीला अंग घासत गेली. सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. त्यानंतरही तिला आम्ही हाक मारली नाही. पुढे ती येऊन माझ्या तळपायाचा वास घेऊ लागली, तेव्हाही हात पुढे केला नाही. लोकांना हे सर्वांत अवघड जाते. कुत्रे जवळ आले की कुरवाळायचा मोह होतो, आणि त्या एका क्षणात आठवड्याची कमाई जाते.

अशा कुत्र्याच्या बाबतीत पहिल्या आठवड्यातला मोठा धोका चावण्याचा नसून पळून जाण्याचा असतो. लिफ्टचे दार उघडले, फटाका वाजला, आणि सैल पट्ट्यातून मान काढून ते पसार झाले, अशा बातम्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांवर दिवाळीत रोज असतात. अनोळखी भागात ते सापडणे कठीण. गळपट्टा आणि हार्नेस या दोन्हींना वेगवेगळा पट्टा लावल्याशिवाय भेदरलेले कुत्रे दाराबाहेर काढू नये. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नवे कुत्रे फॉस्टरला देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वागणे बदलायच्या आधी शरीर तपासायला हवे. डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वर्तनतज्ज्ञांकडे आलेल्या प्रकरणांचा आढावा घेतला. कमी धरले तरी एक तृतीयांश प्रकरणांत कुठेतरी दुखणे होते, आणि काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास गेला. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात गाडीखाली येऊन वेडेवाकडे जुळलेले हाड, गोचीड ताप, कानातला पू, तुटलेला दात यांपैकी काही ना काही सापडतेच. मालकाने सोडून दिलेल्या लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या खुब्यात दुखणे असते. मागच्या पायाला हात लावताच वळून चावणाऱ्या कुत्र्याला प्रशिक्षक नको, एक्स-रे हवा.

शिकवण्याच्या पद्धतींवरचा वाद अभ्यासकांपुरता बराचसा मिटला आहे, गल्लीतल्या प्रशिक्षकांपुरता नाही. 'मालक कोण ते दाखवा', 'एकदा पाठीवर पाडून दाबून धरा, परत गुरगुरणार नाही' असे सांगणारे अजून घरोघरी फिरतात. या समजुतीचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेल्या अभ्यासात आहे. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडल्यावर ते वर्चस्वासाठी भांडतात, हे खरे. डेव्हिड मीच यांच्या पुस्तकातून ही कल्पना जगभर गेली, आणि त्यांनीच १९९९ मध्ये मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास मांडून सांगितले की रानातला कळप म्हणजे आईवडील आणि त्यांची पिल्ले, दुसरे काही नाही. मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या पाहणीत, कुत्र्याला मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर ४३ टक्के कुत्री उलटून आक्रमक झाली. पाठीवर पाडून दाबल्यावर ३१ टक्के. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये तर सरळ सांगितले की सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीही, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात.

गुरगुरण्याचेच घ्या. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना आहे. ते मारून बंद केले की कुत्रे सूचना न देता चावायला शिकते. ताटलीवरून गुरगुरणाऱ्या कुत्र्याशी काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे असते. ताटलीत कोरडे, रोजचे खाणे. माणूस चार-पाच पावलांवरून जातो, उकडलेल्या चिकनचा तुकडा ताटलीकडे टाकतो, न थांबता पुढे निघून जातो. कुत्रे खाता खाता मान वर करून त्याची वाट पाहू लागले, शेपटीचा ताठा गेला, की पुढच्या वेळी अर्धे पाऊल जवळून. अंग आखडले, चघळण्याचा वेग वाढला, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, की पुन्हा मागच्या अंतरावर. ताटलीला हात लावायची घाई नाही. जवळ येणारा माणूस काही हिरावत नाही, उलट भर घालतो, हे कुत्र्याला स्वतःहून पटेपर्यंत हेच. घरात लहान मूल असेल तर हे प्रयोग करूच नयेत. कुत्र्याला दार लावून वेगळ्या खोलीत खाऊ घालावे आणि तो प्रश्न तिथेच मिटवावा.

काही कुत्र्यांना यानेही भागत नाही. एकटे राहिल्यावर स्वतःला इजा करून घेणाऱ्या कुत्र्यांसाठी क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे अमेरिकेत अनेक वर्षांपासून मान्य आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यायची असतात. वर्तनाचा खास अभ्यास असलेले पशुवैद्य आपल्याकडे फार थोडे आहेत. म्हणून फॉस्टर करणाऱ्याला असा एक तरी डॉक्टर गाठून देणे हे संस्थेचे काम आहे.

अति भेदरलेल्या कुत्र्यांवर सर्वांत पद्धतशीर काम अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेने केले. त्यांनी २०१३ मध्ये न्यू जर्सीत एक वर्तन-पुनर्वसन केंद्र सुरू केले आणि पुढे ते उत्तर कॅरोलिनात कायमचे हलवले. तिथल्या ४४१ कुत्र्यांवरच्या २०२२ मधल्या अहवालात सुमारे ८६ टक्के कुत्री उपचार पुरे करून दत्तक देण्याजोगी झाली. आशा वाटावी असाच हा आकडा आहे. पण त्यामागे पूर्णवेळ प्रशिक्षित माणसे आहेत, हेही पाहायला हवे. नोकरी करून दोन खोल्यांच्या घरात हे काम करणाऱ्या बाईकडून तेवढ्याच यशाची अपेक्षा ठेवणे अन्याय आहे. निवारे बांधायला निघालेल्या महापालिकांनी त्यातला थोडा पैसा फॉस्टर घरांच्या खाण्यावर, औषधावर आणि प्रशिक्षकाच्या भेटींवर खर्च केला, तर या बाईचे ओझे हलके होईल.

किती दिवस लागतात? तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असे एक सूत्र सगळीकडे सांगितले जाते. धीर धरायला ते उपयोगी आहे, त्यापलीकडे त्यावर विसंबू नये. ओहायोमधल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दत्तक गेलेल्या ९९ कुत्र्यांवर सहा महिने लक्ष ठेवले गेले. एकटे राहण्याची भीती कमी होत गेली, पण परक्या माणसांवरची आक्रमकता मात्र वाढत गेली. घर आपले वाटू लागल्यावर ते राखावेसेही वाटू लागते. आपल्याकडे फॉस्टर घरात पहिले पंधरा दिवस दबून राहिलेले कुत्रे 'गुणी' म्हणून झटपट दत्तक दिले जाते आणि नव्या घरी महिन्याभरात दूधवाल्याला चावते. नव्या कुटुंबाला वाटते संस्थेने फसवले. खरे तर कुत्र्याने अजून स्वतःला दाखवलेच नव्हते.

रेबीजचा विचार केल्याशिवाय भारतात हे काम करणे बेजबाबदारपणाचे आहे. लक्षणे दिसल्यावर हा आजार माणसाला सोडत नाही. कुत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाने चावण्याआधीच प्रतिबंधक लस घेतलेली असावी. ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कुत्र्याची लस झाली आहे म्हणून थांबू नये. कुत्र्याला मझलची, म्हणजे तोंडाला लावायच्या जाळीची, सवय शांतपणे, आत खाऊ ठेवून, गरज पडायच्या कितीतरी आधी लावावी. मझल म्हणजे कुत्रे वाईट, ही समजूत सोसायटीत आहेच, पण मझल घातलेल्या कुत्र्याला डॉक्टर नीट तपासू शकतो, आणि शेजारीही निवांत राहतात. सोसायटीचे म्हणाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण त्या कागदाच्या बळावर भांडण्यापेक्षा चेअरमनला आधी भेटून कुत्र्याविषयी खरे सांगितलेले बरे. लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या शेजाऱ्याची भीतीही खरीच असते.

प्रत्येक कुत्रे घरात ठेवण्याजोगे असतेच असे नाही. ज्याने सूचना न देता एकापेक्षा जास्त माणसांना खोलवर चावले आहे, ज्याच्या चाव्यामागचे कारण सापडत नाही, त्याला लेकराबाळांच्या घरात पाठवणे म्हणजे दया नव्हे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याला मारण्याची मुभा बरे न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम एवढ्यापुरतीच आहे. तेव्हा अशा कुत्र्यांसाठी मोकळे आवार, ठरलेली दोन-चार माणसे आणि दीर्घकाळाचा खर्च लागतो. फॉस्टरवर विश्वास असणाऱ्यांनीच या आवारांची मागणी लावून धरली पाहिजे; नाही तर संस्था नाइलाजाने असे कुत्रे भाबड्या माणसाच्या गळ्यात बांधतात.

दत्तक देताना कुत्र्याची माहिती लपवणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा दोष आहे. चांगले घर हातचे जाईल या भीतीने 'थोडा लाजाळू आहे' असे सांगितले जाते आणि त्याचा एकदा चावल्याचा इतिहास गिळला जातो. फॉस्टर करणाऱ्याने रोज लिहिलेली वही कुत्र्यासोबत गेली पाहिजे. कशाला घाबरते, कोणत्या हाताने पट्टा लावलेला चालतो, झोपेत असताना उठवले तर काय करते, कोणाला कधी आणि कसे चावले, कोणते औषध किती दिवस चालू आहे, हे सगळे त्यात हवे. नव्या कुटुंबाने आधी तीन-चार वेळा फॉस्टर घरी येऊन कुत्र्यासोबत बसावे, आणि जमले नाही तर ते कोणताही बोल न लावता परत घेतले जाईल असे लेखी ठरावे.

आणि मग ते 'फॉस्टर फेल' म्हणतात ते. ज्याच्याशी महिनोन्महिने झगडले ते कुत्रे सोडवत नाही आणि माणूस ते ठेवून घेतो. संस्था कुरकुरतात, कारण त्यांचे एक घर बंद होते. साध्या, मिळून मिसळून राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत त्यांची कुरकूर रास्त आहे. ते कुठेही रुळेल. पण ज्या कुत्र्याने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाजवळ निर्धास्त झोपायला सुरुवात केली आहे, त्याला तिथून उचलून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायला लावण्याआधी संस्थेने दहादा विचार करावा. अशा कुत्र्याला घेतानाच फॉस्टर करणाऱ्याला विचारावे की हे इथेच राहिले तर चालेल का. नाही म्हणाला तरी त्याचे घर घ्यावे, आणि हो म्हणाला तर त्याच्या जागी दुसरे घर शोधायला त्याच दिवसापासून लागावे.